तेरणेचे तीन दिवस

उपग्रहाला ढगांतूनही दिसतं पाणी,
खोली दिसत नाही.
ती मैनोद्दीनचाचांच्या वहीत:
पुलाच्या खांबावरची पट्टी,
सकाळी आठ, रात्री आठ, कंदील,
एकतीस पावसाळे.

सगळं मॉडेलला शिकवलं.
ते एका जागी अडतं:
सप्टेंबरात सलग तीन दिवस
दोन मीटर चाळीस.
तसूभरही हलली नाही नदी?

फोन लावला. चाचा खोकले, मग हसले.
"भैनीची शादी होती उदगीरला.
साहेब सुट्टी देईना,
आधीच भरून ठेवलं."

असे आकडे पुसायचे असतात.
पुसले.
आता औरादला उद्या किती पाणी
ते यंत्र सांगतं, साधारण बरोबर.

त्या पानाची झेरॉक्स मात्र माझ्या खणात:
निकाह होईपर्यंत
थांबलेली तेरणा.