ट्वाइट, ऑर्विन

बिस्मार्कच्या सभागृहात हजेरी मी घ्यायचे.
दोन वर्षांतून एकदा, हिवाळ्यात, ऐंशी दिवस.
टी अक्षराशी आले की जीभ आपोआप मऊ व्हायची :
ट्वाइट, ऑर्विन.
बाकीचे म्हणत, हजर.
तो म्हणायचा, आहे.
गोठ्यातून ओ द्यावी तसा.

एकोणीस अधिवेशनं.
त्याच्या नावावर कायदे तीन.
एक रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या रुंदीचा,
एक मधमाश्यांच्या पेट्यांचा,
तिसरा त्यानंच पुढं रद्द करून घेतला,
चुकलं होतं म्हणाला.
बोलायला उठला की वार्ताहर कॉफी आणायला जायचे.
मी बसायचे. त्याचं वाक्य
मला कधी दुरुस्त करावं लागलं नाही.

शुक्रवारी दोनशे दहा मैल, बर्फातून, घरी.
शनिवारी गावच्या कॅफेत लोक त्याला धरणार :
तुंबलेली मोरी, कुत्र्याचा परवाना,
कुणाच्या मेव्हण्याची पेन्शन.
हे सगळं तो बियाणं कंपनीच्या डायरीत
पेन्सिलीनं उतरवायचा.

एका मार्चमध्ये शाळा जोडायचं बिल आलं.
चाळीसपेक्षा कमी मुलं, तर कुलूप.
त्याच्या गावात एकतीस.
शिकवायला आर्डिस, त्याची बायको.
फलकावर सगळ्यांचे दिवे लागले,
त्याच्या नावापुढं काळोख.
सभापतींनी दोनदा विचारलं.
मग हिरवा.

अधिवेशन संपवून घरी गेला, तर
अकरा दिवस ती बोलली नाही. जेवायला वाढत होती.
हे तिनंच मला सांगितलं, किती वर्षांनी,
पायऱ्यांवर, हातमोजे चढवता चढवता.
बाराव्या दिवशी म्हणाली, मीठ दे इकडं.
आणि तो? मी विचारलं.
तो म्हणाला, आकडे बरोबर होते, आर्डिस.

पुढच्या खेपेला चव्वेचाळीस मतांनी वाचला.
त्यानंतर समोर कुणी उभंच राहिलं नाही.

शेवटच्या दिवशी निरोपाचा ठराव त्यानं मांडू दिला नाही.
वेळ आहे तर मोऱ्यांचा निधी बघा, म्हणाला,
आणि टोपी शोधत राहिला, जी डोक्यावरच होती.

खण मी रिकामा केला.
पेपरमिंटच्या गोळ्या, रबरात बांधलेल्या पेट्रोलच्या पावत्या,
आणि त्या सालची डायरी.
मागच्या पानावर एकतीस नावं,
प्रत्येकापुढं नव्या शाळेपर्यंतचे बसचे मैल.
चौदा. बावीस. सव्वीस. एका मुलीपुढं एकेचाळीस,
आणि ते दोनदा गिरवलेलं.
खाली रेघ मारली होती.
बेरीज नव्हती.

यंदा टी अक्षराशी पोचले,
आणि पाणी प्यायले.