साडेएकतीस

भुसावळात आज सत्तेचाळीस.
कूलरचा वाळा खडखडीत, आणि मी बघतेय
लक्षद्वीपच्या पश्चिमेचं पाणी: साडेएकतीस.
सलग अकरावा दिवस. नकाशावरचा डाग
परवा नखाएवढा होता.

दीपनगरला बॉयलरचे आकडे लिहून
निवृत्त झालेले लोटूआप्पा हसतात,
"एकतीसले ताप म्हंते का बाई?
अठी तं माठातलं पानी बी तेवढं."

माशाला माठ नसतो, आप्पा.
प्रवाळाला उठून सावलीत जाता येत नाही.
पुढचे तीन आठवडे लालच दिसतायत.

ते चष्मा पुसतात. सवयीनं
वहीत तारीख, वेळ, आकडा टिपतात.
मग हळूच,
"कोनले फोन करा लागते मंग?
आमी तं व्हॉल्व्ह खोलत होतो."

खिडकीबाहेर तापी,
वाळूतून वाट काढत
तिकडेच निघालेली.