लिफ्टमधलं नाणं

तिबिलिसीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
दहा तेत्री गिळल्याशिवाय हलत नाही.
आठव्या मजल्यावरच्या त्सिउरीबाई
उतरताना पेटीच्या कडेवर
एक नाणं ठेवून जातात.
कुणासाठी, ते ठरलेलं नसतं.

परवा ते गोचाच्या पोरानं
च्युइंगगमसाठी ढापलं.
बाईंना कळलं. म्हणाल्या,
"असू दे. जिने चढायचंच वय आहे त्याचं."

आज लिफ्टच बंद.
बाई पाचव्यावर, कठड्याला टेकून,
शब्द फुटेना इतकी धाप.
मी दार उघडेपर्यंत
तोच पोरगा खालून आला,
बटाट्यांची पिशवी उचलली,
गम चघळत
त्यांच्या मागं मागं
एकेक पायरी चढू लागला.

इतकं हळू चालायची सवय नव्हती त्याला,
दिसत होतं.