कच्ची वही

सभा अकराची. कोरम पावणेबाराला भरला,
कारण विनुभाई माछी चहावाल्याशी बोलत जिन्यातच उभे होते
आणि जिन्यात उभा असलेला सभासद हजर धरायचा का
यावर कायदा गप्प आहे.

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी, दोन वह्या घेऊन.
पक्की गुजरातीत, शाईची, पानांवर नंबर छापलेली.
कच्ची मराठीत, पेन्सिलीची.
डभोईत तीन पिढ्या गेल्या तरी
हात घाईत असला की आईच्या भाषेत धावतो.

चीफ ऑफिसर वाचतात : उघडती सिलक.
मी लिहितो : आरंभीची शिल्लक.
मागच्या मार्चात मिटलेली तीच रक्कम,
नुसती झोपून उठलेली.

घरपट्टी, येणे. पाणीपट्टी, येणे.
बसस्टँडमागच्या अठरा गाळ्यांचं भाडं, येणे.
त्यातला कोपऱ्यातला गाळा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक,
म्हणून सगळे पंख्याकडे बघतात.

खर्चाची बाजू निघाली तशी सभेला जाग आली.
मोकाट गुरं पकडणे : दोन लाख.
जशुभाई तडवींनी विचारलं, गेल्या साली किती पकडली?
सात.
त्यांनी बोटं मोजली. एवढ्यात, म्हणाले,
माझ्या सासऱ्यानं सात गाभण गाई दारात आणून बांधल्या असत्या.
हशा. (हशा पक्क्या वहीत जात नाही.)

स्मशानात लाकडं की गॅस, पाऊण तास.
शववाहिनीचं टायर. शाळा नंबर चारचे पत्रे.
स्वागत-सत्काराला वाढ हवी, हार महागले.
एकजण म्हणाला, मग थोड्या लोकांचं स्वागत करा.
त्याला बसवलं.

मग दिवाबत्ती.
हा शब्द दोन्ही वह्यांत एकच,
पक्कीत गेला की फक्त डोक्यावरची रेघ जाते,
छप्पर उडाल्यासारखी.

वॉर्ड सहाच्या रुखसानाबेन खत्री उभ्या राहिल्या.
तलावाच्या पायऱ्यांवरचा दिवा, म्हणाल्या.
पहिल्या साली मी त्याला हात वर केला. दुसऱ्या साली केला.
आज तो पान अकरावर पुन्हा आहे.
एवढंच सांगा, मी तीनदा एकाच दिव्याला मत देतेय,
की हे तीन दिवे आहेत, आणि तिन्ही दिसत नाहीत?

खांब आलाय, वायरमन म्हणाला.
कुठे?
भांडारात. आडवा.
मग?
खड्डा बांधकामवाल्यांचा.
बांधकामवाले म्हणाले, खड्ड्याची रक्कम तसलमात म्हणून उचलली गेली.
कशासाठी?
पंखा फिरत होता.

मला माझंच अक्षर आठवलं.
तीन वर्षं मी तो दिवा लिहितोय, रकमेसकट.
माझ्या कपाटात तो तलाव केव्हाच उजळलाय.

प्रमुखबाईंनी घड्याळ पाहिलं.
एक हजार एकशे अकरा रुपयांच्या पुरांतीसह, मंजूर?
हात वर झाले. मी मोजले, नुसत्या सवयीनं.
रुखसानाबेनचे दोन्ही हात पर्सवर.
विरोधात कुणी?
तेव्हाही पर्सवरच. चेन उघडत होत्या, मिटत होत्या.

पक्कीत मी लिहिलं : सर्वानुमते.
नियमाप्रमाणे ते खरंच आहे.
न उचललेल्या हाताला आमच्याकडे रकाना नाही.

कच्चीत लिहिलंय :
सव्वीस. एक पर्स.

कच्च्या वह्या वर्षअखेर रद्दीत जातात,
तिचे पैसे किरकोळ जमेत धरतात,
म्हणजे पुरांतीत त्यांचाही वाटा असतो थोडा.
ही मात्र मी पिशवीत घातली, डब्याखाली.

रात्री तलावावरून घरी येताना ठेचकाळलो.
नेहमीच्याच पायरीवर. वरून सातवी.