सम की विषम

रीगाच्या वेशीबाहेर वेल्टाचे वाफे.
गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारते,
"सम की विषम?"
विषम जिवंतांना: बारसं, वाढदिवस, रुसवा काढायला.
सम फक्त कबरीवर.
लाल का पिवळा, ते नंतर बघू;
मोजणी चुकता कामा नये.

ऑक्टोबर सरताना ती बुंध्यांना मातीची भर देते,
वर स्प्रूसच्या फांद्या, थंडीसाठी.
असल्याच फांद्या आर्विड्सला नेताना
वाटेवर अंथरल्या होत्या.
तेव्हा त्या तोडायलाही तीच गेली,
कात्री तिच्याकडेच असते.

रानगुलाबाच्या खुंटावर
त्यानं भरलेला एक डोळा धरला होता.
त्या झाडाला नाव द्यायचं राहूनच गेलं.
त्याची फुलं ती विकत नाही.

यंदा जूनमध्ये एका सकाळी सहा उमलली.
सहाही कापली,
तिरका काप, डोळ्याच्या जरा वर.
बसमध्ये मांडीवर धरून नेली.

कबरीवर पाच ठेवली.
एक पिशवीत, ओल्या वर्तमानपत्रात.

शेजारच्या दगडाला पाणी घालणारी बाई म्हणाली,
"मोजायला चुकलात वाटतं."

वेल्टा अंगठ्यातला काटा
दातानं काढत होती.
"असेल," म्हणाली.