अर्धी गोळी

मेडिकल चौक. रात्रीचे पावणेदोन.
शटर अर्धं खाली ओढून मी हिशोब लावत होते.
तो वाकून आत आला,
बनियनला वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं.
"ताई, जुलाब बंद करायची ती गोळी द्या.
मी नेहमी तीच घेतो."

कुणासाठी?

"पोरगी हाये. पाच महिन्याची.
अर्धी देतो. म्हणसान तं पाव."

मी हात मागे घेतला,
जणू गोळी आधीच हातात होती.

कसं सांगायचं याला, मे महिन्यात, या वेळी,
की लेकरू म्हणजे मोठ्या माणसाचा पाव हिस्सा नव्हे.
तुमच्या मेंदूच्या दारापर्यंत ही गोळी पोचते, भाऊ,
तिथले पहारेकरी तिला धरून
परत रक्तात ढकलतात,
म्हणून तुम्ही सकाळी उठून कामावर जाता.
तिच्या दारात भिंत आहे, पहारा अपुरा आहे.
आत गेली की पोर शांत होते.
घरचे म्हणतात, बरं झालं, निजली.
मग कुणाला तरी
तिचे श्वास मोजत बसावं लागतं.

तो काउंटरच्या काचेकडे बघत राहिला.
"मी कूलर बनवतो, कॉटन मार्केटच्या मांगं.
नवी ताटी लावली का पहिले दोन दिवस
पाणी उडते घरात.
वाळा बसाले वेळ लागते.
तसंच काय?"

अगदी तसं नाही.
आज रात्रीपुरतं तसंच.

माझा थोरला डागात सहा दिवस
निळ्या दिव्याखाली होता, डोळ्यांवर पट्टी.
डॉक्टरीणबाई रोज त्याच्या रक्तातला पिवळेपणा मोजायच्या,
म्हणायच्या, वर चढायला नको.
वर म्हणजे कुठे, ते मला ठाऊक होतं.
म्हणूनच विचारलं नाही.

ओआरएसची दोन पाकिटं काढली.
अंगावर पाजणं थांबवू नका. हे चमच्या-चमच्यानं.
पण आधी समोर कॅज्युअल्टीत न्या, आत्ता.
बाहेर खांबाखाली त्याची बायको उभी होती,
पदराच्या गाठोड्यात काहीच हलत नव्हतं,
मग एक पाय हलला.

जाता जाता वळला.
"मंग मले तरी द्या एक. माह्याही पोटात सकाळपासून तेच."

दिली.
ग्लासभर पाणीही दिलं,
आणि त्यानं ती माझ्यासमोर गिळेपर्यंत
मी शटरला हात लावला नाही.