तिसरा माग

रेणू, आधी एक फोल्डर कर.
नाव साधं दे, दिवटे एकसष्टी, बास.
फोटो, आवाज, सगळं त्यातच ओत
आणि मग कामाला बस.
पेनड्राइव्हवरनं थेट ओढलेलं चित्र
पेनड्राइव्ह गेला की जातं,
मागं राहते लाल फुली.
हे कळायला मला
नेवरी रोडवरच्या एका लग्नाचे पैसे परत द्यावे लागले.

उभे फोटो आडव्या पडद्यावर
दोन्ही अंगांना काळे पट्टे घेऊन येतात.
ते भरायला माणूस ताणू नकोस.
दिवटेमामा मुळात काटकुळे,
ताणलेस तर थेट आमदार दिसतील.
तोच फोटो मागं मोठा, धुरकट करून ठेव,
पुढं खरा.

एका फोटोला पाच सेकंद.
घोळका असेल तर आठ,
कारण प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो,
मग ज्याचा सत्कार त्याला.
पान उलटणं, गरगर फिरणं, बदामाच्या आकारात उघडणं
हे सगळं यादीत आहे.
असू दे यादीत.

आता आवाजाचं.
गौराक्कानं मोबाइलवर दीड मिनिट आणलं होतं.
मामा शेडमध्ये उभे,
कुणा पोराला काहीतरी समजावतायत,
आणि अठरा माग एकदम.
त्यातला एक मोबाइलच्या अगदी जवळ,
खटाखट, खटाखट,
त्यातनं मामांची शिवी तेवढी ओळखू येते.
मी शहाणी.
गोंगाट काढायचं बटण दाबलं, शंभर टक्के.
माग गेले.
उरला तो विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा
कुणाचाही आवाज.
गौराक्कानं ऐकलं आणि विचारलं,
"हे कोण?"

कंट्रोल झेड.
ही दोन बटणं एकत्र दाबताना
कधी लाजू नकोस.
माग परत आले.
मग मी जवळच्या मागाचाच ताल धरला,
दर दहा ठोक्यांना एक फोटो.
मधेच ठोका अडखळत होता,
तिथं मी फोटोही अडखळू दिला.

सत्याण्णव टक्क्यांवर अडकलं
तर माऊस हलवू नकोस, चहा पिऊन ये.
आणि विट्यात लाइटीचा भरवसा धरून
कार्यक्रमाच्या सकाळी एक्स्पोर्ट लावू नकोस.

तरीही.
समाजाचा हॉल, खुर्च्या भरलेल्या,
पडद्यावर मामा तरुण, केसांत कापसाची पिंज,
आणि आवाज नाही.
मी आवाज वाढवला, सेटिंग उघडलं, मिटलं,
लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.
लोकांना वाटलं, मुकंच असेल.
मामांना तर चाळीस वर्षांच्या मागांनी
दोन्ही कानांनी बहिरं केलेलं,
त्यांना काय फरक.

पण उठले तेच.
हार गळ्यात तसाच,
स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला,
मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा.
मान हलवली.
वायर चाचपत मागं गेले,
वाकले,
अर्धी बाहेर आलेली पिन अंगठ्यानं आत लोटली.

खटाखट.

पोरं दचकली. कुणाच्या तरी हातातली बासुंदी सांडली.
मामांनी तळवा परत खोक्यावर ठेवला
आणि उचललाच नाही.
त्यांचं लग्न गेलं, गौराक्काचं बारसं गेलं,
आमची सगळी मेहनत पडद्यावरनं सरकत गेली,
त्यांनी एकही फोटो पाहिला नाही.
डोळे मिटून उभे.
मग मला जवळ बोलावलं
आणि शेडमध्ये बोलावं तसं
भर हॉलात ओरडले,
"तिसरा माग! पट्टा सैल आहे त्याचा,
तेव्हाच सांगत होतो त्या पोराला!"

गौराक्का हसता हसता रडली की उलट,
अंधारात नीट दिसलं नाही.

तर रेणू,
पिन आधी बघ.
सेटिंग मग.